गोदामातलं नेटवर्क – भाग ७ : बॅकअपआधीची तयारी

मागच्या भागात आपण स्विच-राउटरची यादी केली. आता त्यांच्या सेटिंगची प्रत रोज आपोआप निघावी, याची तयारी करू.

भिवंडीच्या माणकोली, राहनाळ, पूर्णा या पट्ट्यात गोदामांच्या गाळ्यांच्या रांगा आहेत. पावसाळ्यात विजेच्या झटक्याने स्विच जळाला, तर नवा त्याच दिवशी मिळतो. पण स्कॅनरचं वायफाय कुठल्या पोर्टवर, कॅमेरे कुठल्या, बिलिंग कुठल्या, ही मांडणी जुन्याबरोबर जाते. ती पुन्हा बसेपर्यंत ट्रक डॉकवर उभे राहतात.

ऑक्सिडाइज्ड आणि रॅन्सिड ही मोफत सॉफ्टवेअर उपकरणात एसएसएचने लॉगिन करून सेटिंग वाचतात आणि आधीच्या प्रतीशी ताडून बदल नोंदवून ठेवतात. त्यासाठी उपकरणावर पाच गोष्टी आधी करा.

नाव. सगळ्यांचं नाव ‘स्विच’च राहिलं, तर कुठली प्रत कुठल्या गाळ्याची हे कळणार नाही. नावात इमारत, गाळा आणि क्रमांक घाला.

वेळ. अनेक मायक्रोटिक राउटरांत घड्याळाला बॅटरी नसते. वीज गेली की वेळ चुकते. नेटवर्कवरून घड्याळ जुळवणारं एनटीपी चालू करा. सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या, सर्ट-इनच्या, २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या, अथवा त्यांच्याशी जुळवलेल्या सर्व्हरशी जुळलेली हवीत.

खातं. बॅकअपसाठी वेगळा युजर करा आणि तो फक्त बॅकअप सर्व्हरच्या आयपीवरूनच आत येईल असं पाहा. सिस्कोवर हक्क कमी पडले, तर सेटिंग अर्धवटच दिसते. म्हणून पहिली फाइल ओळ न् ओळ तपासा.

वाट. टेलनेट बंद करा. फाइल पाठवायच्या टीएफटीपीला ना पासवर्ड, ना एन्क्रिप्शन. त्याऐवजी एससीपी वापरा. २०१८ मध्ये राउटर दुरून सांभाळण्याच्या विनबॉक्समधल्या त्रुटीतून मायक्रोटिकचे पासवर्ड चोरता येत होते. दुरुस्ती एप्रिलमध्येच आली, तरी अपडेट न केलेले, इंटरनेटला उघडे असलेले राउटर पुढे कित्येक महिने हल्लेखोरांच्या हाती पडत राहिले.

जतन. सिस्कोवर चालू सेटिंग आणि साठवलेली सेटिंग वेगळ्या असतात. ‘राइट मेमरी’ न करता वीज गेली, तर बदल पुसले जातात. सिस्कोच्याच ‘आर्काइव्ह’मध्ये प्रत कुठे जावी तो पाथ द्या, ‘राइट-मेमरी’ जोडा आणि टाइम-पीरियड १४४० मिनिटं, म्हणजे एक दिवस ठेवा. मायक्रोटिकची ‘बॅकअप’ फाइल त्याच उपकरणासाठी असते. ‘एक्स्पोर्ट’ साध्या मजकुरात निघतो आणि थोड्या बदलाने दुसऱ्या मॉडेलवरही चढतो. मात्र आवृत्ती ७ मध्ये एक्स्पोर्टमधून पासवर्ड वगळले जातात. ते वेगळे, कुलूपबंद ठेवा.

या फाइलींत तुमच्या नेटवर्कचा सगळा नकाशा असतो, त्यामुळे साठा एन्क्रिप्टेड हवा. कामवारी नदीचं पाणी चढलं किंवा गोदामाला आग लागली, तर तिथला सर्व्हरही जाईल. दुसरी प्रत भिवंडीबाहेर ठेवा.

या आठवड्यात एकच स्विच निवडा, ही पाच कामं करा आणि निघालेली प्रत सुट्या स्विचवर चढवून स्कॅनर चालतो का ते पाहा. तो चालला, तरच तुमच्याकडे बॅकअप आहे असं म्हणा.

पुढच्या भागात : जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या आणि बदल कसे वाचायचे.