आखाजीचं तिकीट कधी आणि कुठं काढायचं?



आखाजीला लेकी माहेरी येतात. कानबाईला सूरत-उधन्याची पोरं गावी येतात. दिवाळीत तर सगळ्याच गाड्या भरलेल्या. मग चार दिवस आधी धावपळ सुरू होते आणि एजंट मागेल तेवढे पैसे मोजावे लागतात. म्हणून आज आम्ही रेल्वेच्या तिकिटाचं वेळापत्रक सांगणार आहोत.

पहिली गोष्ट, ६० दिवस. पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी सुरू व्हायचं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवस आधी, सकाळी ८ वाजता सुरू होतं. हिशेब सोपा आहे. १ मेची गाडी हवी असेल, तर तिकीट २ मार्चला काढायचं. सणाची तारीख कळली की मागे ६० दिवस मोजा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या दिवशी खूण करा. युरोपातल्या बऱ्याच गाड्यांचं तिकीट लवकर काढलं तर स्वस्त पडतं. आपल्या साध्या स्लीपरचं भाडं पहिल्या दिवशी जेवढं, तेवढंच शेवटच्या दिवशी. लवकर गेल्यानं पैसे वाचत नाहीत, पण जागा मिळते.

आता कुठं काढायचं? स्टेशनातल्या आरक्षण खिडकीवर. खिडकी कुठल्याही गावची असो, तिथं दुसऱ्या गावाहून सुटणाऱ्या गाडीचंही तिकीट मिळतं. धुळ्याचा रेल्वेफाटा चाळीसगावपर्यंतच, गाड्या मोजक्या. पण भुसावळ किंवा जळगावहून बसायचं असेल तरी तिकीट धुळ्यातच काढता येतं. सूरतेला जायचं तर दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर ही स्टेशनं त्याच मार्गावर आहेत. जे घराजवळ असेल ते फॉर्मवर लिहा.

एका फॉर्मवर सहाच नावं बसतात, आणि एका माणसाला एका वेळी एकच फॉर्म देता येतो. गटातल्या बारा जणी निघाल्या असतील, तर खिडकीवर दोघींनी जा. वय खरं लिहा. ४५ वर्षांपुढच्या बाईला, ती एकटी किंवा दोघीच असतील तर, खालचा बर्थ देण्याची सोय आहे. लांब पल्ल्याच्या गाड्यांत स्लीपरचे सहा बर्थ बायकांसाठी राखीव असतात. ते हवे असतील तर त्या तिकिटावर मोठ्या पुरुषाचं नाव नको.

मोबाईलवरूनही तिकीट निघतं, आयआरसीटीसी किंवा रेलवन अ‍ॅपवरून. खात्याला आधार आधीच जोडून ठेवा. आरक्षण उघडतं त्या वेळी आणि तत्काळला आधार जोडलेलं खातंच चालतं. ऑनलाइन तिकिटावर थोडं सेवाशुल्क लागतं, खिडकीवर ते लागत नाही.

अचानक जावं लागलं, दवाखान्याचं काम निघालं, तर तत्काळ. एसीचं सकाळी १० वाजता, स्लीपरचं ११ वाजता, एक दिवस आधी. पण हा दिवस गाडी जिथून निघते तिथला मोजतात. गीतांजली एक्सप्रेस हावड्याहून मंगळवारी निघते आणि भुसावळला बुधवारी येते. बुधवारी भुसावळहून बसायचं असेल, तर तत्काळ सोमवारी उघडतं. मंगळवारी गेलात तर एक दिवस उशीर. खिडकीवर तत्काळ काढताना मोबाईल सोबत ठेवा, ओटीपी विचारतात. एका तिकिटावर चारच नावं असतात. तत्काळचं पक्कं तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत.

वेटिंगचं तिकीट घेऊन स्लीपरमध्ये बसता येत नाही. मोबाईलवरचं वेटिंग पक्कं झालं नाही तर ते आपोआप रद्द होऊन पैसे खात्यात येतात. खिडकीवरचं मात्र आपणच जाऊन, गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत रद्द करायचं. आरएसी मिळालं तर बसायला जागा असते, तेव्हा जायला हरकत नाही.

जनरलनं जाणाऱ्यांसाठीही एक सोय आहे. प्रवास २०० किलोमीटर किंवा त्याहून लांबचा असेल, जसं जळगाव ते मुंबई, तर जनरलचं तिकीट तीन दिवस आधी काढता येतं. त्याहून जवळचं तिकीट त्याच दिवशी काढायचं.

शेवटी एजंटाबद्दल. परवाना असलेल्या एजंटाला ठरलेलं सेवाशुल्क घेता येतं. तिकिटावर भाडं छापलेलं असतं, ते वाचा आणि वरच्या पैशांचा हिशेब विचारा. दुसऱ्याच्या नावाचं तिकीट कधीच घेऊ नका. गटातल्या पोरींनाही सांगा, स्वतःच्या खात्यावरून घरच्यांची तिकिटं काढा, पण वर पैसे घेऊन लोकांची काढू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४३ नुसार तो गुन्हा आहे, त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

काही अडलं तर १३९ नंबरवर फोन लावा. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीच्या वहीशेजारी कॅलेंडर ठेवा. कोणाला कधी कुठं जायचं ते विचारा, मागे ६० दिवस मोजा आणि खिडकीवर कोण जाणार तेही त्याच दिवशी ठरवा.