पाचूची दोन नावे

संस्कृतात पाचूला ‘गारुत्मत’ आणि ‘मरकत’ अशी नावे आहेत. ‘गारुत्मत’ म्हणजे गरुडाचे. गरुडपुराणातील कथेनुसार, वासुकी बल असुराचे पित्त घेऊन जात असता गरुडाने त्याच्यावर झडप घातली. ते पित्त सांडले तेथे पाचू उपजला. गरुड सर्पांचा वैरी, म्हणून पाचूही विषहारक मानला गेला. ‘मरकत’ मात्र अनेक अभ्यासक ग्रीक ‘स्मॅराग्डोस’शी जोडतात; इंग्रजी ‘एमरल्ड’ही त्याच शब्दातून आला. ग्रीकांशी संपर्काच्या खुणा येडगाव परिसरातही आहेत : जुन्नरच्या सातवाहनकालीन लेण्यांतील शिलालेखांत यवन दात्यांचे उल्लेख आढळतात. यावरून शब्दाची नेमकी वाट सिद्ध होत नाही, हे लक्षात ठेवा. कथेतून समजूत कळते. व्युत्पत्तीला स्वतंत्र पुरावा लागतो.