मुंबईची सामाजिक रचना आणि महापालिकेचे राजकारण

मुंबईतील रहिवाशांची भाषा, जात, धर्म आणि व्यवसाय यांचा बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या राजकारणावर सतत प्रभाव पडत आला आहे. मात्र एखाद्या समाजाचे संख्याबळ आपोआप सत्तेत उतरत नाही. मताधिकार कोणाला आहे, प्रभागांच्या सीमा कशा आखल्या आहेत आणि मतदारांची कोणती ओळख पक्षांनी संघटित केली आहे, यांवर ते अवलंबून असते.

मताधिकाराचा विस्तार

१८७२ साली महापालिकेत निर्वाचित सदस्यांचा समावेश झाला. परंतु मतदानाचा हक्क ठरावीक कर भरणाऱ्यांपुरताच होता. त्यामुळे संख्येने अल्प असलेल्या पारशी समाजाला आणि धनिक व्यापारीवर्गाला मोठे स्थान मिळाले. फिरोजशहा मेहता हे या काळातील प्रमुख नेते होत. गिरणी कामगार मात्र मताधिकाराबाहेर राहिले. १९४८ साली प्रौढ मताधिकारावर निवडणूक झाली आणि कामगारवस्त्यांच्या मताला वजन आले.

गिरणगाव : वर्ग आणि भाषा

लालबाग-परळच्या चाळींत कोकणातून व घाटावरून आलेले मराठी कामगार राहत. कामगार आणि मराठी भाषक या त्यांच्या दोन्ही ओळखी संयुक्त महाराष्ट्र चळवळीत एकत्र आल्या. १९५८ साली कम्युनिस्ट नेते एस. एस. मिरजकर महापौर झाले. १९६६ साली स्थापन झालेल्या शिवसेनेने भाषिक ओळखीला व नोकऱ्यांच्या प्रश्नाला प्राधान्य दिले. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत तिला ४२ जागा मिळाल्या. १९७० साली परळची विधानसभा पोटनिवडणूक वामनराव महाडिक यांनी कम्युनिस्ट पक्षाविरुद्ध जिंकली. वस्ती तीच होती. तिला संघटित करणारा मुद्दा बदलला होता. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांतील रोजगार झपाट्याने घटला आणि १९८५ साली शिवसेनेने महापालिकेत सत्ता मिळवली.

प्रभाग आणि बदलती वस्ती

विखुरलेल्या मतांपेक्षा एका प्रभागात एकवटलेली मते अधिक परिणामकारक ठरतात. दादर-लालबागमध्ये मराठी, घाटकोपर-मुलुंडमध्ये गुजराती, तर नागपाडा-गोवंडीत मुस्लिम मतदार लक्षणीय आहेत. अनुसूचित जाती-जमातींसाठी त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखीव असतात. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने हे तत्त्व देशभरातील नागरी संस्थांना लागू झाले.

२०११ च्या जनगणनेनुसार मुंबईच्या सुमारे १ कोटी २४ लाख लोकसंख्येत मराठी भाषक सुमारे ४४ लाख, तर हिंदी भाषक सुमारे ३६ लाख होते. २०१७ च्या निवडणुकीत २२७ जागांपैकी शिवसेनेला ८४ व भारतीय जनता पक्षाला ८२ जागा मिळाल्या. कोणत्याही एका भाषिक गटाच्या बळावर बहुमत मिळवणे कठीण झाल्याने भाषिक अस्मितेबरोबरच पाणी, शौचालये व झोपडपट्टी पुनर्विकास या प्रश्नांवरही पक्षांना मते मागावी लागतात.