पायाखालची नक्षी

उंची घरांत इटालियन संगमरवराच्या शेजारी आता आजोळच्या ओसरीवरच्या नक्षीदार सिमेंटच्या लाद्या पुन्हा दिसू लागल्या आहेत. अशा लाद्या बनवणारी मुंबईची ‘भारत फ्लोअरिंग्ज’ ही कंपनी १९२२ सालची. ही लादी भट्टीत भाजत नाहीत. धातूच्या जाळीच्या कप्प्यांत रंगीत सिमेंटचं पातळ मिश्रण हातानं ओततात, जाळी अलगद उचलतात, वर कोरडं सिमेंट-वाळू पसरून प्रेसखाली दाबतात आणि मग लादी पाण्यात ठेवून पक्की करतात. रंगाचा थर काही मिलिमीटर जाड असतो. म्हणूनच वर्षानुवर्षं वावरूनही नक्षी पुसत नाही. छापील टाइलला ही खोली नाही. किंचित हललेली रेघ हा दोष समजू नका, ती कारागिराच्या हाताची खूण आहे. मात्र ही फरशी अ‍ॅसिडनं कधीही धुऊ नका. त्यानं सिमेंट खाल्लं जातं.