कच्च्या रस्त्याच्या गाडीसाठी जॅक कोणता घ्यायचा? दुकानात जाण्याआधी ही दोन मापं घ्या

या आठवड्याच्या व्हिडिओत मी तीन जॅक टेबलावर मांडून दाखवले. पण मापांचा हिशोब कागदावरच नीट समजतो, म्हणून हा लेख. गाडी धंद्याला लावली असेल तर शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात एका खऱ्या फजितीने करतो. माझ्या वर्गाला येणारा लालबागचा एक मुलगा शनिवार-रविवारी ट्रेकच्या मंडळींना गाडीने घेऊन जातो. गाडी जुनी, उंच, फोर बाय फोर. दादरहून पहाटे निघायचं, लोणावळ्याहून राजमाचीच्या कच्च्या रस्त्याला लागायचं, असा त्याचा शिरस्ता. जूनमध्ये एका दगडाने पुढचा टायर कापला. स्टेपनी होती, पाना होता, गाडीबरोबर आलेला जॅकही होता. गाडी वर आली, चाक निघालं आणि जॅकचा पाया चिखलात तिरका झाला. गाडी धाडकन खाली आली. दोन सेकंद आधी त्याचा हात चाकाच्या जागी होता.

हात वाचला. पण गिऱ्हाइकं तीन तास पावसात उभी राहिली, अर्धे पैसे परत द्यावे लागले आणि त्या ग्रुपने पुन्हा फोन केला नाही. तो मला म्हणाला, "सर, टायरला पैसे घातले, सीट कव्हरला घातले, जॅककडे कधी बघितलंच नाही." आपल्यातले बहुतेक जण असेच असतात, खरं ना?

मुंबईतला जॅक आणि रानातला जॅक

परळ-दादरमध्ये टायर बसला तर चार पावलांवर पंक्चरवाला असतो. रस्ता डांबरी, जमीन सपाट. गाडीबरोबर येणारा कात्रीसारखा जॅक, म्हणजे सिझर जॅक, याच कामासाठी दिलेला असतो. तो हलका आहे, जागा कमी घेतो आणि कंपनीने नेमून दिलेल्या जागी बरोबर बसतो. त्याला नावं ठेवू नका.

अडचण तीन ठिकाणी येते. एक, त्याचा पाया लहान, त्यामुळे मऊ जमिनीत रुततो. दोन, गाडी तिरकी असेल तर तो आडवा पडू शकतो. तीन, तुम्ही मोठे टायर टाकले असतील तर त्याची उंची पुरत नाही. उदाहरण बघा. जिम्नीचा मूळ टायर १९५/८० आर १५, त्याचा व्यास साधारण ६९३ मिमी. त्याजागी २३५/७५ आर १५ टाकला तर व्यास होतो साधारण ७३३ मिमी. म्हणजे एक्सल २० मिमी वर गेला आणि तेवढीच जास्त उचल लागणार. जॅक मात्र जुनाच!

दोन मापं, एक टेप

आता मुख्य मुद्दा. दुकानदार पहिला प्रश्न विचारतो, "किती टनाचा पाहिजे?" आपणही टनावरच अडतो. खरं तर टनाआधी उंची बघायची असते.

गाडीच्या मॅन्युअलमध्ये जॅक लावायची जागा दिलेली असते. त्या जागेची जमिनीपासूनची उंची दोनदा मोजा.

पहिलं माप: टायरमध्ये पूर्ण हवा असताना.
दुसरं माप: त्याच टायरची हवा पूर्ण काढून. ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे जा, त्याच्यासमोर हवा सोडा, मोजा, परत भरून घ्या. दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरं माप कोणी घेत नाही आणि तिथेच फसगत होते. टायर बसला की गाडी खाली येते आणि जॅक आत शिरतच नाही.

समजा, मागच्या एक्सलखाली हवा असताना २८० मिमी आणि हवा नसताना १९० मिमी भरलं. मऊ जमिनीसाठी जॅकखाली १८ मिमी जाडीची प्लायवूडची फळी टाकणार. आता:

- बंद जॅक अधिक फळी १९० पेक्षा कमी हवी. जॅक १६० चा असेल तर १६० + १८ = १७८. आत जातो.
- पूर्ण उघडलेला जॅक अधिक फळी २८० पेक्षा निदान ४० मिमी जास्त हवी. जॅक ३१० पर्यंत जात असेल तर ३१० + १८ = ३२८. पुरतो, पण जेमतेम.

आता कोणी म्हणेल, त्यापेक्षा जास्त टनाचा घेऊ. पण मोठ्या बाटली जॅकची बंद उंचीही बहुतेक वेळा जास्त असते. तो १९५ चा निघाला तर १९५ + १८ = २१३. तुमच्याकडे जागा १९० ची. म्हणजे जास्त पैसे देऊन आणलेला जॅक गाडीखाली जाणारच नाही!

आणखी एक गोष्ट. एक्सलखाली जॅक लावला तर चाक लगेच उचललं जातं. चेसिसखाली लावला तर आधी स्प्रिंग सैल होते, चाक खाली लोंबत राहतं आणि बरीच जास्त उचल लागते. म्हणून मागे अखंड एक्सल असलेल्या थार, जिम्नी, बोलेरोसारख्या गाड्यांत मॅन्युअल परवानगी देत असेल तर एक्सलखालची जागा सोयीची. मात्र डिफरन्शियलच्या गोळ्याखाली, स्टिअरिंगच्या रॉडखाली किंवा शॉक अॅब्झॉर्बरच्या पट्टीखाली जॅक लावू नका.

टन किती?

टायर बदलताना आपण अख्खी गाडी उचलत नाही, एक कोपरा उचलतो. तरी हिशोब ठोकून करा. माणसं आणि सामान धरून गाडीचं जे कमाल वजन मॅन्युअलमध्ये दिलंय, त्याच्या खाली जॅकचा आकडा जाऊ देऊ नका. या आकाराच्या गाड्यांना दोन ते तीन टनांचा चांगला जॅक पुरतो. उचलण्याआधी सगळ्यांना खाली उतरवा, छतावरचं जड सामानही उतरवा.

कोणता प्रकार कोणासाठी?

बाटली जॅक: तेलाच्या दाबावर चालतो. लहान दांड्याने कमी ताकदीत जास्त वजन उचलतो. धंद्याच्या गाडीला माझी पहिली पसंती यालाच. गाडीत उभा ठेवा, आडवा ठेवला तर तेल झिरपतं. तेल कमी झालं तर जॅकचंच हायड्रोलिक तेल घाला, ब्रेक ऑइल नाही. त्याने आतली सील खराब होते.

ट्रॉली जॅक: रुंद, चाकांचा, गॅरेजसाठी उत्तम. चिखलात त्याची छोटी चाकं चालत नाहीत आणि वजनही फार.

हाय-लिफ्ट जॅक: उंच पट्टीचा, शेतावरचा. अमेरिकेत १९०५ पासून बनतो. फोटोत भारी दिसतो, बोनेटवर बांधला की गाडीला रुबाब येतो. पण त्याला लोखंडी बंपर किंवा मजबूत साइड रेल लागते. प्लॅस्टिक बंपरच्या गाडीला तो लावायचा कुठे? शिवाय गाडी उंच उचलली की डुलते, आणि दांडा हातातून सुटला तर जबड्यावर बसतो. शिकल्याशिवाय हात लावू नका.

हवेची पिशवी: सायलेन्सरच्या धुराने फुगते. वाळूत छान चालते. आपल्या सह्याद्रीतल्या टोकदार दगडांवर मात्र फाटायची भीती.

बारा व्होल्टचा इलेक्ट्रिक जॅक: बटण दाबायचं, बस्स. पण बॅटरी बसली किंवा फ्यूज उडाला तर काय? हाताने चालवायची सोय असेल तरच बघा.

खरेदी कशी करायची?

ऑपेरा हाऊसच्या बाजूला गाड्यांच्या स्पेअरची दुकानं आहेत, नागदेवी स्ट्रीटला हत्यारांची. गिरगावातून दोन्ही जवळ. कामाच्या दिवशी सकाळी जा, गर्दी कमी असते. मापांचा कागद खिशात ठेवा आणि दुकानदाराला सांगा, "बंद उंची आणि पूर्ण उंची मोजून दाखवा." जॅक वर करून दोन मिनिटं तसाच ठेवायला सांगा. तेल झिरपतंय का, दांडा सरळ आहे का ते बघा. जुन्या बाजारातला जॅक स्वस्त असतो, पण आतल्या सीलची हालत बाहेरून कळत नाही. पक्कं बिल घ्या. वॉरंटीलाही लागतं आणि धंद्याच्या खर्चातही दाखवता येतं.

भाव करताना हा हिशोब डोक्यात ठेवा. समजा एका फेरीला तुम्हाला नऊ हजार मिळतात आणि अडकल्यामुळे अर्धे परत द्यावे लागले. साडेचार हजार एका दिवसात गेले, गिऱ्हाईक गेलं ते वेगळं. आता जॅकच्या किमतीत पाचशे वाचवायचे की नाही, तुम्हीच ठरवा.

जॅक आणला, पुढे काय?

जॅकबरोबर एक पिशवी बनवा: फूटभर चौकोनी जाड प्लाय, चाकाला लावायला दोन लाकडी ठोकळे, हेडटॉर्च, हातमोजे, पान्याला जोडायला पाइपचा तुकडा.

क्रम पाठ करा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक, पहिला गिअर, समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला ठोकळे. नट आधी अर्धा फेरा सैल करा, मग गाडी उचला. काढलेलं चाक गाडीखाली सरकवून ठेवा, जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसेल. अंग कधीही गाडीखाली घालू नका. जुनी विलीज जीप असेल तर जास्त जपा. तिचा हँडब्रेक चाकांवर नाही, शाफ्टवर काम करतो. मागचं एक चाक उचललं की गाडी सरकू शकते, म्हणून ठोकळे लागतातच.

आणि हो, शिवडीहून अटल सेतूने निघालात आणि टायर गेला, तर तिथे जॅक काढून बसू नका. धोक्याचे दिवे लावा, सगळ्यांना कठड्याकडे सुरक्षित उभं करा आणि हेल्पलाइनला फोन करा. भरधाव गाड्यांच्या शेजारी बसून चाक बदलणं म्हणजे जीव टांगणीला लावणं.

शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं. येत्या रविवारी चाळीच्या चौकात किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक चाक काढून परत बसवा. ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याच्याकडून करून घ्या, घड्याळ लावून. दर तीन महिन्यांनी पुन्हा. त्या लालबागच्या मुलाने आता हाच नियम केलाय. मागच्या महिन्यात त्याचा टायर पुन्हा बसला. गिऱ्हाइकांचा चहा संपायच्या आत गाडी चालू झाली आणि परतीच्या वाटेवरच त्यांनी पुढची तारीख ठरवली.

तेव्हा आज टेप घ्या, दोन मापं लिहा, मगच बाजारात जा. भेटू पुढच्या व्हिडिओत!