समुद्रशैवालाची पूड घ्यावी का?

गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. तपकिरी समुद्रशैवालाची पूड विकायला येते, ‘थायरॉइड बरा होतो, वजन उतरतं’ असं सांगतात. घ्यावी का?

तपकिरी शैवाल आपल्याला परकं नाही. पावसाळा सरला की मालवण-रत्नागिरीच्या खडकांवर बारीक फुग्याफुग्यांचं शेवाळ वाढतं, ते सरगॅसम. आपण ते खात नाही. जपान-कोरियात मात्र कोंबू, वाकामे ही तपकिरी शैवालं रोजच्या जेवणात असतात. कोरियात बाळंतिणीला वाकामेचं सूप देतात, आपण अळिवाची खीर देतो तसं. आणि वाढदिवसालाही तेच सूप करतात, आईची आठवण म्हणून.

त्यात आहे काय? पोटाला चांगला असा चिकट तंतू, थोडं कॅल्शियम, मॅग्नेशियम, आणि भरपूर आयोडीन. पण शैवाल खाल्लं जातं चिमूट-दोन चिमूट. ५ ग्रॅम वाळक्या वाकामेत जेवढं कॅल्शियम मिळेल, त्याहून जास्त नाचणीच्या एका भाकरीत आहे. त्यासाठी महागडी पूड कशाला?

खरी गोष्ट आयोडीनची. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला २५०. आयोडीनयुक्त मिठाच्या एका ग्रॅममध्ये किमान १५ मायक्रोग्रॅम असतं. कोंबूच्या एका ग्रॅममध्ये मात्र १५०० हूनही जास्त असू शकतं, म्हणजे दिवसाच्या गरजेच्या दहापट! आयोडीन कमी पडलं तर गलगंड होतो, तसंच फार झालं तरी थायरॉइड बिघडतो. जादा आयोडीन दुधातून बाळाच्या अंगातही उतरतं. म्हणून थायरॉइडची गोळी चालू असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पूड नकोच. गोळी बंद करून पूड घेणं तर अजिबात नको. रक्तदाब असेल तर त्यातल्या मिठाकडेही बघा.

सरगॅसमचंच एक भावंड, हिजिकी, जपानात खातात. त्यात आर्सेनिक जास्त सापडतं, म्हणून ब्रिटनच्या अन्न खात्याने ते खाऊ नका असं सांगितलं आहे. शैवाल पाण्यातलं सगळं शोषून घेतं, घाणही. तेव्हा जेटीजवळचं शेवाळ आणून भाजी करायचा प्रयोग करू नका. पाकिटावर शैवालाचं नाव आणि आयोडीनचं प्रमाण लिहिलेलं नसेल, तर आम्ही ते परत करू.

कमाईचं विचाराल तर तामिळनाडूत रामनाथपुरमच्या किनाऱ्यावरच्या बाया सरगॅसम गोळा करून कारखान्यांना विकतात. त्यातून अल्जिनेट काढतात. दातांचे डॉक्टर कवळीसाठी तोंडात गुलाबीसर लगदा घालून माप घेतात ना, तो त्याचाच, आणि आइस्क्रीम घट्ट राहतं तेही पुष्कळदा त्यानेच.