इंग्रजीचा तास संपल्यावरची इंग्रजी

नवी पेठेतल्या एखाद्या कापडदुकानात थोडा वेळ थांबले की सोलापूरच्या भाषांचा अंदाज येतो. भाव मराठीत ठरतो, साडीच्या पदरावरची चर्चा कन्नड किंवा तेलुगूत चालते, शेजारच्या दुकानातून दखनी ऐकू येते. पाट्यांवर मात्र ‘सेल’, ‘फिक्स्ड रेट’, ‘किड्स वेअर’. पहिलीत येणाऱ्या मुलाने असे इंग्रजी शब्द शाळेच्या आधीच गोळा केलेले असतात. शाळेत मात्र त्यांना इंग्रजीच्या एका तासापुरतीच जागा मिळते. बाकीचे तास इंग्रजीला दार बंद, नाहीतर सगळेच इंग्रजीतून. या दोन टोकांच्या मधला, प्रत्येक विषयाच्या तासात थोडी इंग्रजी आणणारा रस्ता कसा असतो, ते पाहू.

कोणासाठी कितवी भाषा?

राज्यात 2000 सालच्या जूनपासून सर्व माध्यमांत पहिलीपासून इंग्रजी आली. सोलापूर महापालिकेच्या शाळा मराठीबरोबर उर्दू, कन्नड आणि तेलुगू माध्यमांतही आहेत. या इतर माध्यमांच्या मुलांना पहिलीपासूनच माध्यमभाषा, मराठी आणि इंग्रजी अशा तीन भाषा असतात. त्यात शहराच्या पूर्व भागातल्या विणकर घरांतली तेलुगू बोलणारी बरीच मुले मराठी शाळेत जातात. अक्कलकोटकडून शहरात आलेल्या कन्नड कुटुंबांचेही तेच. एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाची इंग्रजी ही दुसरी भाषा असते आणि दुसऱ्याची तिसरी. पुस्तक दोघांना एकच मिळते, म्हणून हा फरक शिक्षकाच्या डोक्यात असावा लागतो.

ही कल्पना आली कुठून?

इंग्लंडमध्ये 1975 साली बुलक समितीने एक साधी गोष्ट ठासून मांडली: भाषा शिकवणे हे एकट्या भाषाशिक्षकाचे काम नाही, प्रत्येक विषयाचा शिक्षक भाषा शिकवतच असतो. आपल्याकडे राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2005 मध्ये हाच विचार आला आणि वर्गातल्या अनेक भाषा ही अडचण नसून साधन आहे, असेही त्यात म्हटले गेले.

याची गल्लत सेमी इंग्रजीशी होते. सेमीत गणित आणि विज्ञान इंग्रजीतूनच शिकवतात. इथे संकल्पना मुलाला कळणाऱ्या भाषेत पक्की होते आणि मग त्याच संकल्पनेची इंग्रजी नावे, दोन-चार वाक्ये तिच्यासोबत येतात. क्रम उलटला की मूल शब्द पाठ करते आणि विषय हातचा जातो. जिम कमिन्स या अभ्यासकाने 1979 मध्ये बोलण्यापुरती भाषा आणि शिकण्यासाठी लागणारी भाषा यांत फरक केला. पहिली लवकर येते, दुसरीला कित्येक वर्षे लागतात. तिसरीतले पोर फाडफाड ‘गुड मॉर्निंग टीचर’ म्हणते म्हणून त्याला इंग्रजीतला भूगोल कळेल, असे धरून चालणे चुकीचे आहे.

गणितातला ‘लेफ्ट’

एक उदाहरण जवळून पाहू. तिसरीचे शाब्दिक उदाहरण: दुकानात 12 टॉवेल होते, 5 विकले, ‘हाऊ मेनी आर लेफ्ट?’ वजाबाकी मुलांना येते. पण ‘लेफ्ट’ त्यांना कवायतीच्या मैदानावरून माहीत असतो आणि तिथे तो डावा असतो. मग कोणी डाव्या बाजूचे टॉवेल शोधते, कोणी समोर दिसणाऱ्या दोन संख्यांची सरळ बेरीज करून मोकळे होते. पेपर तपासणारा म्हणतो, गणित कच्चे आहे. कच्चा असतो फक्त तो एक शब्द. बारा वह्या टेबलावर मांडून पाच उचलल्या, ‘उरल्या किती?’ हे आधी घरच्या भाषेत विचारले आणि मग इंग्रजीत, तर पाच मिनिटांत काम होते. ती पाच मिनिटे गणिताच्या तासातच द्यावी लागतात. इंग्रजीच्या तासाला हा ‘लेफ्ट’ कदाचित वर्षभर येणारच नाही.

आकड्यांत तेलुगू, कन्नड पुढे

मराठीत सत्तावीस म्हणताना सात आधी येतो, वीस नंतर. उर्दूतही तसेच. ऐकलेला सात आधी लिहून मोकळी होणारी, 27 चे 72 करणारी मुले म्हणूनच दिसतात. इंग्रजीत वीस आधी, सात नंतर. तेलुगूत ‘इरवै एडु’, कन्नडमध्ये ‘इप्पत्तेळु’, म्हणजे क्रम इंग्रजीसारखाच. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनपद्धत आली, तेव्हा राज्यभर थट्टा आणि वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांना बरेच ऐकून घ्यावे लागले. वाद बाजूला ठेवून सोलापूरच्या वर्गात पाहिले तर मुद्दा लख्ख दिसतो. तेलुगू घरातल्या मुलीला फळ्यापाशी बोलवा, तिच्या घरचे आकडे म्हणायला सांगा आणि शेजारी इंग्रजी आकडे लिहा. एरवी मागे बसणारी ती मुलगी त्या दिवशी वर्गाला शिकवते.

उच्चारांतही हेच. तेलुगू आणि कन्नडमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ ‘ए’ वेगळे असल्यामुळे ‘पेन’ आणि ‘पेपर’ यांतला फरक त्या मुलांच्या कानाला पटकन कळतो.

परिसर अभ्यासाचा तास

पाण्याची बादली, खडू, किल्ली, बाटलीचे बूच. काय तरंगेल, काय बुडेल, याचा अंदाज मुलांनी हव्या त्या भाषेत करावा, वादही घालावा. निकाल नोंदवताना तक्त्यावर ‘फ्लोट्स’ आणि ‘सिंक्स’ असे दोनच इंग्रजी शब्द. एका तासाला तेवढे पुरेत. सोलापुरी चादर घरोघरी आहेच, तिच्यावरून ‘थ्रेड’, ‘लूम’, ‘पॅटर्न’ येतात आणि पॅटर्न लगेच गणितातही कामाला येतो. नवी पेठेतल्या पाट्या मुलांनी उतरवून आणल्या तर वाचनाचा फुकटचा पाठ तयार होतो. पाटीवरच्या स्पेलिंगच्या चुका शोधायला तर मुलांना भारीच मजा येते.

प्राथमिक शाळेची एक सोयही आहे. इथे बहुधा एकच वर्गशिक्षक सगळे विषय घेतो. सकाळी गणितात आलेला शब्द दुपारी चित्रकलेत पुन्हा वापरायला त्याला कोणाची परवानगी लागत नाही. हायस्कुलात हे जमवताना शिक्षकांच्या बैठका घ्याव्या लागतात.

गुण कशाचे?

विज्ञानाच्या उत्तरात ‘सिंक’चे स्पेलिंग चुकले म्हणून गुण कापू नयेत. किल्ली बुडाली, हे मुलाने कन्नडमध्ये सांगितले तरी विज्ञान बरोबरच आहे. स्पेलिंग इंग्रजीच्या वहीत तपासावे. यात ढिलाई नाही. मूल नेमके कुठे अडले हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

पालकांना

शाळेत इंग्रजी वाढली म्हणून घरची तेलुगू, कन्नड किंवा दखनी बंद करू नका. संध्याकाळी ‘आज इंग्रजीत काय शिकलास?’ एवढेच विचारून थांबू नका. गणितात किंवा परिसरच्या तासाला आज काय केले, ते तुमच्या भाषेत सांगायला लावा. मुलाला ते नीट सांगता आले, तर त्यासाठीचे इंग्रजी शब्द वर्गात मिळतील. ते काम शिक्षकांवर सोडा.